दुपारचा ओढा

डेपोच्या हजेरीपटावर त्याचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी कामाला येई. एरवी सगळे त्याला सावकाश म्हणत. नव्या ड्रायव्हरांना तर हेच त्याचं आडनाव वाटे. नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. खिंडीपलीकडच्या खाणगावाला जाणारी बस तो साडेनऊ तासांत न्यायचा. बाकीचे ड्रायव्हर तोच रस्ता आठ तासांत उरकत आणि वर चहा पिऊन त्याची वाट बघत बसत. सावकाशची गाडी असेल तर डबा दोन वेळचा घ्यावा, अशी प्रवाशांत थट्टा चाले. तो ऐकून न ऐकल्यासारखं करी.

रस्ता वर्षातून सहाच महिने उघडा असे. बर्फ काढणारी यंत्रं खिंड मोकळी करत, तेव्हा दोन्ही बाजूंना बसच्या टपाएवढ्या बर्फाच्या भिंती उभ्या असत. शेवटी शेवटी पहिला बर्फ पडून कोणीतरी अडकलं, की फाटक बंद. मधल्या सहा महिन्यांत एक दिवस वर, एक दिवस खाली, असं त्याचं चाले. बावीस वर्षं. त्याआधी चार वर्षं त्याने याच रस्त्यावर सिमेंटचा ट्रक चालवला होता, पण त्याबद्दल तो फारसं बोलत नसे. सिमेंटला चक्कर येत नाही, एवढंच म्हणे.

रस्ता दीड गाडीचा होता. समोरून कोणी आलं, की दोघांपैकी एकाला मागे जावं लागे आणि मागे जायला कोणीच तयार नसे. वर चढणाऱ्याला वाट द्यायची असा नियम होता खरा, पण नियम पाळणारा बहुतेक वेळा तो एकटाच. सकाळी सावलीतल्या वळणांवर रस्ता नुसता ओला दिसायचा. तो ओला नसायचा, वर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा असायचा, आणि त्यावर ब्रेक मारला की गाडी आपलं न ऐकता दरीचं ऐकायची. उतारावर नवखे ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून येत आणि खाली पोचेपर्यंत चाकांतून जळका वास सुटे. तो दुसऱ्या गियरमध्ये, इंजिन रडवत, उतरायचा. मागचे वैतागायचे. उंचावर हवा विरळ, त्यामुळे चढावर इंजिनही माणसासारखंच धापा टाकायचं. प्रवाशांची डोकी दुखत, कोणी पिशवीत तोंड घालून ओकत बसे, आणि तो मात्र रस्त्यावरचे दगड बघत असे. मोठे नाही, छोटे. काल नव्हते आणि आज आहेत असे मुठीएवढे दगड दिसले, की वरून मोठे यायच्या बेतात आहेत, हे त्याला कळे. अशा जागी तो हॉर्नसुद्धा वाजवत नसे.

एवढ्या वर्षांत त्याच्या गाडीला साधं खरचटलंही नव्हतं. पण न झालेल्या गोष्टीची नोंद कोण ठेवणार? दुसऱ्या एका ड्रायव्हरने घसरणारी बस भिंतीला घासत थांबवली, तेव्हा डेपोत त्याला शाल मिळाली होती. सावकाशने टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, की ती बस घसरायलाच नको होती. बायको स्वेटर विणायच्या यंत्रावर बसली होती. ती म्हणाली, "ते तिथे बोलला नाहीत ना? मग ठीक आहे."

बायको रस्त्यावरच्या मुकादमाची मुलगी. बाप आयुष्यभर तोच रस्ता दुरुस्त करत होता, आणि नवरा तोच रस्ता चालवत होता, त्यामुळे आपल्या घरात भांडायला सवत म्हणून एक रस्ताच आहे, असं ती म्हणायची. झोपेत नवऱ्याचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा झटकन ताठ होई आणि तिच्या पोटरीवर बसे. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी तिने उशी उचलून पलंगाच्या डाव्या बाजूला नेली आणि विषय संपवला. हल्ली मात्र तिला दुसरंच दिसत होतं. तो खाली येई त्या संध्याकाळी जिना चढताना मधल्या पायरीवर थांबे. मान वळवायची तर खांद्यासकट वळे. जेवताना घास हातात तसाच राही. तिने डॉक्टरकडे चला म्हटलं, तर तो म्हणाला, दुखत काही नाही, नुसतं संपल्यासारखं वाटतं. ते डॉक्टरला काय सांगायचं, हे तिलाही सुचलं नाही.

खिंडीच्या अलीकडे, अर्ध्या वाटेवर, एक ओढा रस्त्यावरून आडवा जाई. पूल दोनदा बांधला होता आणि दोनदा वाहून गेला होता. मग खात्याने तिथे तळाला दगड बसवून दिले आणि हात झटकले. वरच्या बर्फाचं पाणी ते. रात्रीच्या गारठ्यात बर्फ धरलेला असे, म्हणून सकाळी दहा-अकरापर्यंत घोट्याएवढं पाणी. ऊन तापलं, की ते चढत जाई, आणि दुपारी दोन-तीनला तिथे अक्षरशः नदी होई. ड्रायव्हर त्याला दुपारचा ओढा म्हणत. पहाटे साडेपाचला डेपोतून निघायचं ते त्याच्याचसाठी. सावकाश साडेदहाला तिथे पोचे, गाडी थांबवी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवी, आणि हातात बांबू घेऊन पाण्यात उतरे. बांबूवर त्याने लाल रंगाची एक रेघ मारली होती. पाणी रेघेच्या खाली असेल तर गाडी काढायची, वर असेल तर नाही. पाणी घोट्याएवढं स्वच्छ दिसत असलं, तरी तो उतरे. रोज. काही प्रवासी याचे फोटो काढत.

त्या वर्षीच्या ऐन उन्हाळ्यातली गोष्ट. गाडीत अकरा माणसं होती. एक निवृत्त मास्तर, मुलीकडे निघालेलं एक म्हातारं जोडपं, खाणीतले सातजण, आणि पहिल्या बाकावर चाळिशीची एक बाई. ती खालच्या शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. वर्षातून दोनदा आईकडे जायची, म्हणून तो तिला तोंडओळखीने ओळखत होता. त्या दिवशी तिच्याकडे सामान जवळजवळ नव्हतंच, आणि ती खिडकीबाहेर न बघता मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसली होती. बस लागत असेल, असं त्याला वाटलं. त्याने तिला एक कागदी पिशवी दिली. तिने ती घेतली आणि घडी घालून ठेवून दिली.

आठच्या सुमाराला एका वळणावर त्याला ते मुठीएवढे दगड दिसले. त्याने गाडी शंभर पावलं मागे उभी केली आणि वाट बघितली. मागून कोणीतरी विचारलं, आता काय? तेवढ्यात वरून धूळ उडाली आणि ट्रंकांएवढे चार-पाच दगड रस्त्यावर येऊन बसले, आणि त्यांच्यामागून मातीचा एक पूर्ण लोंढा. मास्तर म्हणाले, सावकाश, तुझी पाठ थोपटली असती, पण माझे हात कापतायत. मग दरड काढणाऱ्या यंत्राची वाट बघणं आलं. यंत्र आलं, त्याचं डिझेल संपलं, डिझेल आलं. रस्ता मोकळा व्हायला तीन तास दहा मिनिटं गेली.

ओढ्याशी पोचले तेव्हा पावणेदोन होत होते.

पाणी तपकिरी झालं होतं. तो बांबू घेऊन उतरला. चार पावलांतच पाणी बुटात शिरलं आणि पायाची बोटं असून नसल्यासारखी झाली. बांबू टेकवला, तर पाणी रेघेच्या दोन बोटं वर. दोनच बोटं. तो तसाच उभा राहिला आणि त्याने कान दिला. पाण्याखाली दगड गडगडत होते. तळाला बसवलेले दगड जागचे हलत होते, की वरून नवे येत होते, हे बघून कळणं शक्य नव्हतं, कारण पाणी चहासारखं गढूळ होतं. तो मागे आला, बूट काढून पाणी ओतलं, आणि सांगितलं, की आज गाडी पलीकडे जाणार नाही. उद्या पहाटे जाऊ.

आधी कोणाला खरंच वाटेना. पलीकडचा रस्ता पन्नास पावलांवर समोर दिसत होता. तोवर मागून खाणीची एक जीप आली, खच्चून भरलेली. तिच्या ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, काका, ओढा काय म्हणतोय? सावकाश म्हणाला, दोन बोटं वर आहे, थांब. जीपवाला हसला, गियर टाकला आणि पाण्यात शिरला. मध्यावर पाणी दारापर्यंत चढलं, जीप एकदा हातभर खाली सरकली, आणि मग चारही चाकांनी पाणी उडवत वर चढून गेली. पलीकडून जीपवाल्याने हॉर्न वाजवला.

मग बसमधल्यांनी सावकाशला धारेवर धरलं. गेली की! डोळ्यांदेखत गेली! खाणीतला एकजण म्हणाला, की भीती वाटत असेल तर स्टिअरिंग माझ्याकडे द्या. सावकाशने वाद घातला नाही. जीप लहान, चारही चाकं ओढणारी. बस लांब, पोकळ, तिच्या पायरीला पाणी लागलं की ती हलकी होते आणि आडवी फिरते, हे त्याने एकदा सांगितलं, आणि मग तो चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवायला वाकला.

चष्म्याच्या दुकानातली बाई तेव्हा खाली उतरली. ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली आणि इतक्या हळू बोलली, की त्याला दोनदा विचारावं लागलं.

"माझी आई आज जाणार आहे," ती म्हणाली. "भावाने काल निरोप पाठवला. डॉक्टर म्हणालेत, फार तर आजचा दिवस काढेल."

त्याने हातातला ठोकळा खाली ठेवला.

"आधी का नाही बोललात, बाई?"

"बोलून काय, तुम्ही जाणारच होतात ना तिकडे."

तिने हात जोडले नाहीत, रडली नाही. हवं तर बाकीचे इथे थांबू देत, मला एकटीला न्या, गाडी रिकामी असेल तर हलकी होईल, असं ती म्हणाली. तो म्हणाला, रिकामी बस जास्तच हलकी होते, तेच वाईट. मग चालत जाते, ती म्हणाली. त्याने तिला बांबू दाखवला, बुटातलं पाणी दाखवलं, आणि चालत गेलात तर पाणी तुम्हाला दरीत नेईल, एवढं स्पष्ट सांगितलं. ती ओढ्याच्या काठापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. तो तिच्यामागे तीन पावलांवर उभा राहिला, ती पुढे पाऊल टाकील म्हणून. अर्धा तास ते तसेच उभे होते. आणखी एखादी गाडी आली, तर हातापाया पडून तिला त्यात बसवायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण दरड पुन्हा आली होती की काय, मागून कोणीच आलं नाही. पाणी मात्र चढत होतं. आता ते रेघेच्या वीतभर वर गेलं असेल. आता तर विचारायलाही काही उरलं नाही, हे जेव्हा तिलाही दिसलं, तेव्हा ती वळली आणि गाडीत जाऊन बसली.

तिथे गाडी वळवायला जागा नव्हती. मागे सहाशे पावलांवर रस्ता कामगारांची पत्र्याची खोली होती, तिथपर्यंत बस उलटी न्यावी लागली. मास्तर मागे उभे राहून हात करत होते. शाळेत कवायत घ्यायचो त्याचा आज उपयोग झाला, असं काहीसं ते म्हणाले, पण कोणी हसलं नाही. दरीकडच्या मागच्या चाकापासून कडेपर्यंत दीड हात जागा होती. सावकाश दारातून अर्धा बाहेर वाकून बघत, इंच इंच मागे येत होता. पाऊण तास लागला. खोलीत पोचल्यावर त्याने स्टिअरिंग सोडलं, तर बोटं उघडेनात. दुसऱ्या हाताने एकेक करून ती सरळ करावी लागली. कामगारांनी शेगडी पेटवून दिली, चहा दिला, बटाटे उकडले. म्हाताऱ्याला धाप लागत होती, त्याला उंच उशा देऊन बसवलं. रात्र कशीबशी गेली.

पहाटे साडेपाचला पाणी घोट्याएवढं होतं. तो तरीही उतरला, बांबू टेकवला आणि मग गाडी काढली. दोन मिनिटंही लागली नाहीत. मागे कोणीतरी हे मोजलं आणि मोठ्याने सांगितलं.

खाणगावात दहाला पोचले. बाईचा भाऊ रस्त्यावरच उभा होता. डोक्यावरची टोपी त्याने हातात धरली होती, त्यावरूनच कळलं. आई रात्री नऊला गेली होती. आदल्या दिवशी ओढा ओलांडला असता, तर बस सहा-सव्वासहाला पोचली असती. तेवढा हिशेब तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने मनात केला. भाऊ सावकाशकडे बघून म्हणाला, "ती दर पाच मिनिटांनी विचारत होती, बस आली का. काय सांगायचं होतं मी तिला?" बहिणीने त्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन गेली. सावकाशने टपावर चढून बाकीच्यांच्या पेट्या उतरवून दिल्या.

महिन्याभराने भावाची लेखी तक्रार डेपोत आली. ड्रायव्हरने विनाकारण गाडी अडवून ठेवली, त्याच वेळी दुसरं वाहन सुखरूप गेलं, अशी. चौकशीसाठी विभागाचे साहेब आले. हजेरीच्या खोलीत टेबल मांडलं, पत्र्याच्या कपाटापुढे तीन खुर्च्या. भाऊ आला होता आणि बहिणीला साक्षीला बोलावलं होतं. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यांनी सगळं शांतपणे विचारलं. लाल रेघ कुठल्या नियमात आहे? कुठल्याच नाही, सावकाश म्हणाला, ती मीच मारली, बसच्या पायरीची उंची मोजून. त्या ओढ्यात पूर्वी कधी बस वाहून गेली आहे? नाही. तुमचा कधी अपघात? नाही. मग भीती कशाची होती, असं साहेबांनी विचारलं, ते चिडून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

पाण्याखाली दगड गडगडत होते, सावकाश म्हणाला. मग साहेबांनी वेगळं विचारलं. "तुम्ही इतकी वर्षं तिथून जाताय. अंदाजाने सांगा. त्या दिवशी बस पलीकडे गेली असती?"

"गेली असती बहुतेक," सावकाश म्हणाला.

भाऊ खुर्चीतून अर्धवट उठला.

"दहातल्या सात वेळा गेली असती, साहेब," सावकाश पुढे म्हणाला. "पण मी तो ओढा वर्षाला दीडशेदा ओलांडतो. दहातल्या सात वेळा पोचून मला चालत नाही."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग बहिणीला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?

"माझी तक्रार नाही," ती म्हणाली. "पण मी यांना माफही केलेलं नाही. दोन्ही लिहा."

साहेबांनी लेखणी टेबलावर ठेवली. दुसरं वाक्य लिहायला कागदावर रकाना नव्हता.

ठपका आला नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं, की संबंधित चालकाने प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य निर्णय घेतला. डेपोतल्यांनी त्याला चहा पाजायला लावला. घरी बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, आता बरं वाटतं का? तो म्हणाला, पत्रात सगळं बरोबर आहे. त्या दिवशी तिने यंत्र लवकर बंद केलं आणि त्याच्या खांद्यांना तेल चोळलं. खांदे लाकडासारखे झाले होते.

उन्हाळा उतरत असताना ती बाई पुन्हा त्याच्या बसला आली. आईचं घर आवरायचं होतं. पहिल्यांदा तिला बघून त्याने नजर वळवली, पण तिने नेहमीसारखं तिकीट मागितलं आणि ती पहिल्या बाकावर बसली. ती दर पंधरवड्याला येई आणि दुसऱ्या दिवशी सामान घेऊन खाली जाई. एकदा पितळी भांडी, एकदा गाद्या, एकदा शिलाई मशीन. मशीन टपावर चढवताना त्याने हात लावला. जड आहे, ती म्हणाली. जुनी आहेत ती जडच, तो म्हणाला. त्यापलीकडे बोलणं होत नसे. पण गाडी चालवताना मानेच्या मागे तिची नजर आहे, असं त्याला सारखं वाटे, आणि आरशात बघितलं तर ती बाहेर बघत असे.

शेवटच्या खेपेला ओढ्याशी त्याने गाडी थांबवली आणि बूट चढवले, तेव्हा तीही खाली उतरली. पाणी घोट्याएवढं, स्वच्छ. तळाचे दगड मोजता आले असते.

"त्या दिवशी कुठपर्यंत होतं?"

काठावरच्या एका काळ्या खडकावर त्याने हात ठेवून दाखवलं. आपण निघालो तेव्हा इथे. तिने तिथे स्वतःचा हात ठेवून बघितला. मग म्हणाली, "मी आधीच बोलले असते, सकाळी, गाडीत बसतानाच. तर माझ्यासाठी तुम्ही ती जीप थांबवली असती का?"

तो बांबूवर भार देऊन उभा राहिला. नाही म्हणता आलं असतं. सोपं होतं.

"जीप भरलेली होती," तो म्हणाला.

"तरी?"

"तरी थांबवली असती. कोणालातरी उतरवलं असतं."

तिने मान हलवली, जसं काही भाव विचारला आणि अपेक्षेएवढाच निघाला. "मला वाटलंच," ती म्हणाली. "मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की खरं होतं, असं वाटत होतं." मग ती गाडीत जाऊन बसली. त्याने बांबू टेकवला, पाणी बघितलं, आणि गाडी पलीकडे काढली. राहिलेले साडेचार तास त्याने गाडी नेहमीसारखीच चालवली, प्रत्येक वळणावर, प्रत्येक सावलीत. ती उतरली तेव्हा त्याच्याकडे बघून थोडीशी थांबली. मग तिने पिशवी खांद्यावर घेतली आणि ती गेली. ती दुसऱ्या दिवशी त्याच्या बसने परत आली नाही. भावाने खाणीच्या ट्रकमधून उरलेल्या सामानासकट तिला पोचवलं, असं त्याला नंतर कळलं.

खाली आल्यावर त्याने बायकोला हे सगळं सांगितलं. तिने टाके मोजायचे थांबवले.

"नाही म्हणायला हवं होतं का मी?" त्याने विचारलं.

"ते मला विचारू नका," ती म्हणाली. "तुम्ही रस्त्यावर जे ठरवता ते मी कधी विचारलं का? मग हेही रस्त्यावरचंच." थोड्या वेळाने ती उठून त्याच्याजवळ येऊन बसली. "पण आता पुरे करा. वडील असेच संपले. पडले नाहीत, चिरडले नाहीत. एक दिवस खोऱ्यावर हात ठेवून म्हणाले, आता मला बघवत नाही रस्ता. तेव्हा ते साठचेही नव्हते."

तो थकलाय, हे तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, पण हे थकणं कशाचं, ते त्याला आजवर सांगता येत नव्हतं. आता जरा सांगता आलं. तो म्हणाला, की गाडी चालवून माणूस थकत नाही. रोज काहीतरी होईल म्हणून बघत राहायचं आणि ते होत नाही, त्याने थकतो. आणि एखादवेळी ते न होण्याची किंमत दुसराच कोणीतरी देतो, मग तर बसायलाही जागा राहत नाही. बायको म्हणाली, रस्त्यावरून बदली मागाल त्या अर्जात हे सगळं लिहू नका. प्रकृतीच्या कारणास्तव, एवढं पुरतं.

त्याने तेवढंच लिहिलं. साहेबांना आश्चर्य वाटलं. चौकशीत तर तुम्ही निर्दोष ठरलात, ते म्हणाले, निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. सावकाश म्हणाला, हो साहेब. आणि अर्ज टेबलावरच राहू दिला. त्याला वर्कशॉपमध्ये घेतलं, ब्रेक आणि क्लचच्या कामावर. डेपोत बोलवा उठली, की तक्रारीने त्याचं मन मोडलं. कोणी म्हणालं, घाबरला. त्याने कोणाचंच म्हणणं खोडलं नाही. नव्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी आठ तासांत गाडी वर नेली आणि येऊन सगळ्यांना सांगितलं. सावकाशने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर निघायच्या आधी तो बसखाली शिरला, चारही चाकांचे ब्रेक तपासले, एका नळीचा नट अर्धा फेरा आवळला, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, बाळा, उतारावर दुसऱ्या गियरच्या वर जाऊ नकोस. पोरगा हो काका म्हणाला. जाईल की नाही, कोण जाणे.

त्या वर्षी खिंड लवकर बंद झाली. पहिला बर्फ पडल्याची बातमी आली, तेव्हा तो एका बसखाली उताणा पडला होता. फाटक बंद केलं म्हणे, कोणीतरी ओरडून सांगितलं. कोणी अडकलं का, त्याने खालूनच विचारलं. नाही, उत्तर आलं. त्याने पाना उचलला आणि राहिलेले दोन बोल्ट बसवले. पाचला भोंगा झाला. त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, कोट चढवला आणि घरी निघाला. वाट सपाट होती. चालत बारा मिनिटं लागायची.